खानावळीतला रशियन

कोलाडला आमच्या खानावळीत एक रशियन रोज जेवायला यायचा. तिकडच्या सरकारविरुद्ध लोकांना उठवलं म्हणून त्याला देश सोडावा लागला होता. आल्या आल्या तो मागचं दार उघडं आहे ना ते बघायचा, मगच माझ्या बायकोला विचारायचा, "वहिनी, भाकरी हाय?"

एका दुपारी त्याच्याच भाषेत बोलणारे दोघे गाडीतून उतरले. त्यांनी मला मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. तो आत चुलीपाशीच होता.

"नाय बघितला," मी म्हणालो.

तेवढ्यात तो बाहेर आला. "माझ्यासाठी खोटं नको," मला म्हणाला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांनी त्याचे फोटो काढले आणि गाडीत बसून निघून गेले.

"आता कुठं जाशील?" मी विचारलं.

"आता पळायचं नाय."

पण पाण्याचा तांब्या उचलताना त्यानं निम्मं पाणी अंगावर सांडलं, तेव्हा शेवटी बायकोनंच तो त्याच्या ओठांशी धरला.