बिनतिखटाचं मटण

मागच्या रविवारी प्रताप नगरातल्या आमच्या घरी मटणावरून भांडण झालं. मीच केलं, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू...

माझी ईश्वरी सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर, पाच महिन्यांपासून केमो चालू. सारखं तोंड आलेलं, जेवणाचं नाव काढलं की रडायची, आणि गेल्या दोन्ही तपासण्यांत वजन उतरलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस तिला झेपणार नाही, लांबवावा लागेल.

आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, अंडी, मटण, डाळ, तूप सगळं द्या. फक्त ताजं, पूर्ण शिजलेलं आणि बिनतिखटाचं.

आता बिनतिखटाचं हे आमच्या घरात सांगायचं म्हणजे! सासर उमरेडचं, विणकरांचं. वर लाल तर्री नसेल तर त्याला मटणच म्हणत नाहीत हे लोक.

त्यात नणंदबाई आल्या. ईश्वरीसाठी वेगळा लावलेला छोटा कुकर पाहून म्हणाल्या, "मटण काहून देऊन राहिली वं तिले? गरम पडते. पपईच्या पानाचा रस दे. आन् गोड बंद कर, साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरते."

माझी सटकलीच. म्हटलं, "ताई, कॅन्सरच्या आधी माझी पोरगी उपाशी मरेल! तिच्या पोटात काय जाईल ते तिचे डॉक्टर आणि मी ठरवणार." ताई रुसून हॉलमध्ये जाऊन बसल्या. बसू दे...

पण खरी पंचाईत पुढेच होती. जेवायला बसलो तर सगळ्यांच्या वाट्या लालभडक, ईश्वरीची एकटीची पांढरी. तिने वाटी सरकवली. "मीच काहून आजारी माणसाचं खाऊ?" इतकं भांडून शिजवलेलं ते मटण समोर निवत होतं आणि मला रडू फुटलं.

तेव्हा सासरे, आमचे बाबा, उठले. उभं आयुष्य हातमागावर काढलेला माणूस, तिखटाशिवाय घास उतरत नाही. आपली तर्रीची वाटी किचनमध्ये ठेवून आले आणि छोट्या कुकरमधलं वाढून घेतलं. "मी बी हेच खाऊन राहिलो वं. पाहू, कोणाची वाटी पहिले संपते."

पहिल्या घासालाच त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की पोरगी खुदकन हसली... आणि जेवली. सावकाश, दुखरं तोंड सांभाळत, पण पाऊण वाटी संपवली.

तेव्हापासून घरात सगळ्यांचंच बिनतिखटाचं. नवरा कुरकुरतो, ताई अजून रुसलेल्याच. मला काही फरक पडत नाही.

आज वजन केलं. वाढलं नाही... पण उतरलंही नाही! डोस ठरल्या दिवशीच होणार.

बाबा, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी इथे सगळ्यांसमोर लिहिते. उद्या सकाळी तुमची नात केमोला जाईल ती पोटभर जेवून जाईल.