नवा माझा, जुना अक्काचा

आमच्या बोदवडच्या घरात नवी वस्तू यायची ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा फ्रॉक तिला तोकडा झाला की तो माझा व्हायचा. तिचा युनिफॉर्म, तिचं दप्तर, तिचा रेनकोट, सगळं दोन वर्षं तिच्या अंगाखांद्यावर मऊ होऊन मग माझ्याकडे यायचं. पुस्तकांना मी हौसेनं नवं कव्हर घालायचे, पण आत गाळलेल्या जागा तिनं आधीच भरून ठेवलेल्या असायच्या, त्याही चुकीच्या.

नवराही तसाच मिळाला. हे सांगताना माझे यजमान हसतात, मला आजही हसू येत नाही. ते मुळात अक्काला बघायला आले होते. 'मुलगा फार कमी बोलतो' म्हणून तिनं नकार दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खोलीत, अक्काच्याच मोरपंखी साडीत, मी त्यांच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. माणूस चांगला निघाला, तक्रार नाही. कमी बोलतात, हे मात्र खरं निघालं.

आमचा भाऊ आम्हा दोघींपेक्षा लहान. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आई गेल्यापासून माहेर म्हणजे आबा आणि तो. त्यातही आबा फोनवर 'बरं आहे, ठेव' यापलीकडे जात नाहीत, म्हणजे खरं माहेर म्हणजे तोच. आणि तिथंही अक्काचा नंबर पहिला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला सासरहून आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. अक्काचं सासर पिंपळनेरला, पार त्या टोकाला, म्हणून हा दरवर्षी गाडी घेऊन तिला आणायला जातो. वाटेत धुळ्याला थांबून दोघं जेवतात, त्याचे फोटो मला पाठवतात. मी जळगावात. मला सांगतो, "ताई, तुझं काय, पॅसेंजर पकडलीस की भुसावळनंतर आपलं बोदवड आलंच." मुराळी आला असता तर मी काही नको म्हटलं नसतं. पण विचारायला तर हवं ना कुणी.

त्या आखाजीला तो अक्काला घेऊन आला तो दोन लॅपटॉप सोबत आणून. आम्हा दोघींनाही गरज होती. अक्का पिंपळनेरला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते: दाखले, शिष्यवृत्त्या, पीकविमा. तिचा कॉम्प्युटर बंद पडला होता. मी क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका घरी बसून टाइप करून देते, आणि मुलाच्या हातातून लॅपटॉप मागून घ्यायचा मला वीट आला होता.

जेवणाआधी त्यानं दोन्ही लॅपटॉप पलंगावर मांडले. एक नवाकोरा, चंदेरी, पातळ, खोक्यात होता. दुसरा त्याचा स्वतःचा, काळा, जाडजूड, ज्याच्यावर त्यानं पुण्यात इतकी वर्षं काम केलं तो. तो त्यानं पूर्ण नवा करून आणला होता. आतली मेमरी वाढवलेली, नवीन बॅटरी, नवा कीबोर्ड.

"दोघींना दोन," तो म्हणाला. "कोणता कुणाला ते तुम्ही ठरवा. खरं सांगू, जुना काही कमी नाही. मजबूत आहे, उघडून दुरुस्त करता येतो, पुढे मेमरी वाढवता येते. फक्त पंख्याची घरघर आहे आणि वजन आहे. नवा हलका. त्याला पंखाच नाही, आवाज शून्य. वॉरंटी आहे. पण त्यात जे आहे ते आहे, पुढे काही वाढवता येणार नाही."

दुकानदारसुद्धा इतकं नीट समजावत नाही. माझ्या कानात मात्र एकच शब्द शिरला होता, जुना. मनात म्हटलं, आता बघा, अक्का नव्याला हात लावील, मग सगळे माझ्याकडे बघतील, आणि मी म्हणीन, 'असू दे, मला चालेल.' हे वाक्य माझ्या तोंडात लहानपणापासून तयार असतं.

आबा दारातून म्हणाले, "कोनताबी घ्या, पण आधी जेवा. मांडे थंडे होऊन राहिले."

आणि अक्कानं काय करावं? काळ्या लॅपटॉपवर हात ठेवला. सासरी राहून तिची बोली पुरती तिकडची झाली आहे. म्हणाली, "नवा तू ले. माले हाऊ चाली जाई."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नवी वस्तू तर मिळाली, पण तीही तिनं सोडली म्हणून मिळाली. वर आबांच्या तोंडावर ते कौतुक, थोरलीच्या मनाचा मोठेपणा वगैरे. तरी मी खोकं पटकन उचललं. नाटक करत बसले असते तर तेही हातचं गेलं असतं.

रस आणि मांडे जेवून झाल्यावर भावानं माझा लॅपटॉप सुरू करून दिला. भाषा निवडली, पासवर्ड टाकला, मराठी टायपिंग बसवलं. "झालं ताई. तुझं काही बघायलाच नको." एवढं बोलून तो उठला आणि अंगणातल्या बाजेवर अक्काशेजारी जाऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत. कडुनिंबाला आखाजीचा झोका बांधला होता. मी झोक्यावर बसून बघत होते. झाकण दोन्ही हातांनी उघड, एका बाजूनं ओढू नको. पेन ड्राइव्ह डावीकडे लावू नको, ती जागा सैल झालीय. पंखा जोरात ओरडला तर खाली पुस्तक ठेवून जरा उंच कर. हा ओरखडा कसा पडला माहितीय का, मी रूम बदलत होतो तेव्हा... आणि मग रूम बदलल्याची गोष्ट, तिथल्या मालकीणबाईची गोष्ट, पहिल्या नोकरीची गोष्ट. प्रत्येक ओरखड्याला गोष्ट होती. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपला एकही ओरखडा नव्हता. मी एक झोका घेतला, कुणी बघितलंही नाही.

जळगावला आल्यावर मी नवीन लॅपटॉपची नवलाई पुरेपूर मिरवून घेतली. शेजारणींना दाखवला. मखमली कापडाचं कव्हर शिवलं. मुलाला हात लावू दिला नाही. काम सुरेख व्हायचं, बटण दाबलं की लगेच चालू. जळगावच्या उन्हाळ्यात माणसं वितळतात, पण त्याला काही झालं नाही.

अक्काच्या लॅपटॉपला मात्र सारखं काहीतरी व्हायला लागलं. तिचा फोन आला की सुरुवात तिथूनच. "काल भाऊनी परत देखा. पंखा आवाज करी राहिंता." कधी प्रिंटर सापडत नाही, कधी पडदा काळा होतो. मग हा पुण्यात बसून तिचा लॅपटॉप चालवायचा. तशी सोय असते, तिकडे त्यानं हात हलवला की इकडे आपल्या पडद्यावर त्याचा बाण फिरतो. अक्काला त्या बाणाचं भारी कौतुक. "तो फिरस ना, तवय भाऊ आठेच बशेल शे असं वाटस," ती म्हणाली. भाऊ इथंच बसलाय असं वाटतं म्हणे. मी 'हो का' म्हटलं आणि कुकरची शिट्टी होतेय सांगून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता.

बाण फिरत असताना बोलणं तर होणारच. म्हणजे भावाचं सगळं अक्काला कळायचं आणि मग मला अक्काकडून कळायचं. त्याला नाशिकची एक मुलगी सांगून आली होती, हे तिच्याकडून. कळण्याची भाकरी थापायला शिकला, हे तिच्याकडून. आणि एकदा बोलता बोलता म्हणाली, "कावीळ व्हयनी ना त्याले, आते बरा शे." मी पोळी लाटत होते, लाटणं तसंच राहिलं. भावाला कावीळ होऊन गेली, तो अंथरुणातून उठला, कामावर जायला लागला, आणि मला आता कळतंय. का, तर माझा लॅपटॉप चांगला चालतोय म्हणून. त्याला फोन केला तर म्हणतो, "अगं ताई, अक्काशी रोज बोलणं होत होतं, वाटलं तुला सांगितलं असेल." मी म्हटलं, "हो ना, असेल." फोन ठेवल्यावर खूप रडले. भावाची बातमीसुद्धा मला अक्काची वापरून झाल्यावर मिळत होती.

तेव्हापासून मी त्या चंदेरी लॅपटॉपचा राग राग करायला लागले. मेला बिघडत का नाही? वीज गेली, आली, परत गेली, तो आपला सुरूच. कव्हर काढून टाकलं, मुलाला सांगितलं, खेळ हवं तेवढं. मुलगा संशयानं बघायला लागला. यजमान एकदाच बोलले, "बरा आहे ना लॅपटॉप?" मी म्हटलं, "बराच आहे, तेच तर."

शेवटी एका रविवारी सकाळी, शेवभाजीचा मसाला वाटून बाजूला ठेवला, हात धुतले आणि भावाला फोन लावला.

"भाऊ, लॅपटॉप फार हळू चालतोय रे."

"नवाच आहे ना ताई."

"नवा असला म्हणून काय झालं? हळू चालतोय."

त्यानं एक ॲप उघडायला लावलं, पडद्यावर आलेला नंबर विचारला. मी चष्मा लावून एकेक आकडा सांगितला. आणि माझ्या पडद्यावर त्याचा बाण आला. मी हात मांडीवर घेऊन बसले. बाण इकडे गेला, तिकडे गेला, काही खिडक्या उघडल्या, मिटल्या. मधे मधे तो विचारत होता. आज काय केलंस? शेवभाजी? तिखट का? मला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय अजून. मी विचारलं, नाशिकच्या मुलीचं काय झालं? तर म्हणाला, पुढच्या महिन्यात बघायला जाणार आहे, तूही चल. हे अक्काला अजून सांगितलेलं नाही, असंही म्हणाला. ते ऐकून मला जे काही वाटलं, ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

बऱ्याच वेळानं बाण मधोमध थांबला.

"ताई, ह्याला काहीही झालेलं नाही."

"मग हळू का चालतो?"

तो हसला. "अक्काच्याला पण काही झालेलं नाही. दिवाळीपासून एकदाही नाही. तुझ्याइतकाच मस्त चालतोय तो."

"मग ती फोन कशाला करते?"

"तू कशाला केलास?"

ती पिंपळनेरच्या दुकानात चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपसमोर बसून 'बिघडला, बिघडला' म्हणतेय, हे डोळ्यांसमोर आलं आणि तिची कीव यायला हवी होती. आली ती नंतर. आधी जळफळाटच झाला. हेसुद्धा तिलाच पहिलं सुचलं. इतके महिने तिनं ते मनसोक्त वापरलं, आणि आता मऊ झाल्यावर माझ्या वाट्याला आलं.

"ठेवू मग?" भावानं विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "त्याचा पंखापण आवाज करतोय."



"करतोय का?" तो म्हणाला. "बघू."

आणि बाण परत हलायला लागला.