रेषेच्या त्या टोकाला

"मागचे मोजा इंजिनिअर, पुढचे आपोआप होतात," असं म्हणत भाई अंगठा बोटांवरून फिरवायचे. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. चार. अंगठा करंगळीवर थांबला की चेहरा निवांत. चार बोटं संपूनही मोजायला कुणी उरला असेल तर भुवया वर.

मी अजूनही गुरुवारी संध्याकाळी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून मैदानावर उभा राहतो. समोरच्या टोकाला आता एक लेबनीज शिक्षक असतो. माणूस चांगला आहे, नियम पाठ आहेत. पण बॉल हलण्याआधी एक क्षण सगळं मैदान गप्प होतं, तेव्हा त्याच्या जागी मला भाईच दिसतात. जरासे पुढे वाकलेले, ओठ पुटपुटत असलेले. मग बॉल हलतो आणि तिथे पुन्हा तो लेबनीज शिक्षक असतो.

फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो हा खेळ नव्हे. हा अमेरिकन. बॉल लांबट, खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या. कुवेतमधल्या काही अमेरिकन शाळांत मोठ्या वर्गातली मुलं तो खेळतात. माझी मुलगी अशाच एका शाळेत होती. शाळेला पंच कमी पडत होते आणि मला पोट जास्त झालं होतं, म्हणून बायकोने माझं नाव देऊन टाकलं.

नाशिकचा माणूस, पेट्रोकेमिकल प्लान्टमधला. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी एका पंचाने मला बाजूला घेतलं आणि मराठीत विचारलं, "तुम्ही आपल्याकडले ना ओ?"

तेच भाई. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी वाळवंटातल्या एका अमेरिकन तळावर कंत्राटदाराच्या लाँड्रीत लागले. सुट्टीच्या दिवशी सैनिक खेळायचे आणि मैदान मोजायची साखळी धरायला कुणी नसायचं, म्हणून भाईंना उभं करायचे. साखळी धरता धरता ते खेळ शिकले, खेळ बघता बघता नियम शिकले. तळ सुटला, नियम सुटले नाहीत. मला भेटले तेव्हा ते कुवेत शहरात, मिरकाबमधल्या एका लाँड्रीचे मुदीर, म्हणजे मॅनेजर होते आणि गुरुवारी पंच.

दर शनिवारी सकाळी मी एगैलातल्या घरून गाडी काढून त्यांच्या लाँड्रीत शिकवणीला जायचो. इस्त्रीच्या टेबलावर ते शर्टांची तुटलेली अकरा बटणं मांडायचे.

"हा मधला, बॉल मागे देणारा. ह्याचा कमरपट्टा बघायचा. त्या पट्ट्याच्या रेषेला ज्याचं डोकं पोचतं तो पुढचा. ज्याचं काहीच पोचत नाय तो मागचा. मागे चारच चालतात. पाचवा दिसला की पिवळा झेंडा, दंड."

"आणि जो धड पुढेही नाही, धड मागेही नाही, तो?"

"त्याला पुस्तकात जागा नाय," ते म्हणाले, आणि ते बटण बोटाने हळूच पुढे सरकवलं. "म्हणून त्याला आपण जागा दाखवायची. झेंडा मारायच्या आधी."

त्यांचा सगळा अभ्यास ह्यातच होता. नियम सगळ्यांना सारखाच, पण पोरगा वाकल्यावर त्याचं डोकं नेमकं कुठवर पोचलं हे कोण ठरवणार? भाई म्हणायचे, "शंका आली तर पोरगा बरोबर उभा हाय, असं समजायचं." पूर्वी रेषेवर सात जण हवेत असा नियम होता. मैदानात दहाच जण असलेल्या संघाला त्यात विनाकारण दंड बसायचा. तो बदलून 'मागे चारापेक्षा जास्त नकोत' असं झालं, तेव्हा त्यांना घरात कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. "एक पोरगा आधीच कमी, वर आणखी शिक्षा कशाला ओ?"

माझ्या पहिल्या सामन्यात मी मागचे पाच मोजले आणि दणक्यात पिवळा झेंडा फेकला. खेळी संपताच सगळे थांबले. मुख्य पंच धावत आले. मागचा पाचवा माणूस म्हणजे तेच होते, ते नेहमीप्रमाणे खेळाडूंच्या मागे उभे होते. भाई मैदान ओलांडून आले, झेंडा उचलून माझ्या हातात दिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "इंजिनिअर, पट्टेवाले मोजायचे नाय."

तो झेंडा म्हणजे एक पिवळा रुमाल असतो. आमच्या सगळ्यांचे शर्ट आणि रुमाल भाई स्वतः धुऊन इस्त्री करून आणायचे. इतर पंचांचे रुमाल सामन्यानंतर चुरगळलेले असायचे. भाईंच्या रुमालाची घडी क्वचितच मोडायची. कारण त्यांच्या बाजूचा मुलगा चुकीच्या जागी उभा राहिला, की बॉल हलण्याआधीच ते हळू आवाजात म्हणायचे, "वन स्टेप, बेटा." मुलगा एक पाऊल पुढे किंवा मागे सरकायचा. दंड टळायचा. कुवेती, अमेरिकन, इजिप्शियन, मल्याळी, सगळ्या मुलांना 'बेटा' हा शब्द त्यांच्यामुळे माहीत झाला होता. काही मुलं तर शेवटच्या टोकाला जाऊन आधी त्यांच्याकडेच बघायची.

एका मोसमातला शेवटचा सामना होता. दिवसभर धूळ होती, संध्याकाळी हवा स्वच्छ झाली. भाईंच्या बाजूला टोकाला एक सडपातळ मुलगा खेळत होता. पुण्याच्या एका इंजिनिअरचा मुलगा, वडील माझ्याच कंपनीतले. मुलगा मराठी समजायचा, उत्तर इंग्रजीत द्यायचा.

दुसऱ्या टोकावरून मी मागचे मोजले. पाच. पुन्हा मोजले. पाचच. तो मुलगा रेषेपासून जरा मागे राहिला होता. माझा हात कमरेच्या झेंड्याकडे गेला. तेवढ्यात मुलाने भाईंकडे पाहिलं. भाईंचे ओठ हलले. मुलगा एक पाऊल पुढे आला. चार झाले. मी हात काढून घेतला. मला बरंही वाटलं, ते आठवतं. म्हटलं, भाईंनी वाचवला.

बॉल हलला. मुलगा आतल्या बाजूला तिरका पळाला, त्याच्याकडे बॉल आला, तो झेपावला आणि समोरून येणाऱ्या मुलाशी त्याची धडक झाली. दुसऱ्या मुलाची काहीच चूक नव्हती. तो उठला. हा उठला नाही.

सगळे धावले. भाई धावले नाहीत. ते आपल्या जागी रेषेवरच उभे होते आणि मुलगा जिथे आधी उभा होता त्या हिरवळीकडे बघत होते. ॲम्ब्युलन्स मैदानातून बाहेर गेली तरी तिथेच होते. मी जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

मानेच्या मणक्याला मार होता. ऑपरेशन झालं. हात थोडे हलायचे, पाय नाही.

भाई रोज भेटीच्या वेळेला हॉस्पिटलमध्ये जायचे. आत जायचे नाहीत. बाहेरच्या खुर्चीवर बसायचे. मुलाच्या आईची धावपळ बघून तिच्या घरचे कपडे धुवायला न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी घडी करून आणायचे. मुलाचे वडील मला एकदा म्हणाले, "आपली म्हणणारी माणसं चार दिवस आली. हे कोण कुठले, रोज येतात हो."

त्या दिवशी पार्किंगमध्ये भाईंनी मला थांबवलं. "त्यांना सांगू का?"

"काय सांगू का?"

"पोराला मी पुढे घेतला."

मी इंजिनिअरसारखं समजावलं. म्हटलं, तुम्ही बोलला नसतात तर मी झेंडा टाकला असता. पण ह्या चुकीला खेळ थांबत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. झेंडा पडतो, खेळ चालू राहतो, दंड नंतर. मुलगा तरीही पळालाच असता.

"पळाला असता. पण एक पाऊल मागून."

"भाई, तुम्ही त्याला बरोबर जागी उभं केलंत."

"तेच तर," ते म्हणाले. "बरोबर जागी उभा केला."

मी एवढंच म्हणालो, सांगू नका. सांगून कुणाचं भलं होणार आहे?

त्यांनी सांगितलं. मी तिथे होतो. व्हरांड्यात उभं राहून, हात पुढे बांधून, एखादी नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं. पोरगा मागे होता, मी एक पाऊल पुढे ये म्हटलं, तो आला.

मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे तुम्ही बोलला नसतात तर?"

"नाय माहीत, साहेब."

"नाही माहीत?"

"नाय. खरंच नाय माहीत."

वडिलांनी त्यांच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले आणि आत गेले. दार आपोआप बंद होणारं होतं, ते हळूहळू बंद होत गेलं आणि तेवढा वेळ भाई तिथे उभे राहिले.

महिनाभरात ते कुटुंब पुढच्या उपचारांसाठी पुण्याला गेलं. वडिलांनी बदली मागून घेतली.

भाईंनी आणखी एक मोसम केला. मुलं टोकाला येऊन विचारायची, "सर, बरोबर आहे ना?" भाई सरळ समोर बघत. ओठ घट्ट मिटलेले. मग बॉल हलायचा आणि पिवळा रुमाल हवेत उडायचा. एका सामन्यात तर तीनदा. कोच ओरडला, "आधी तुम्ही मुलांना सांगायचात!" भाई म्हणाले, "सांगायचं पंचाच्या कामात नाय." नियमाने त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण मुलांनी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं, आणि समोरून ते बघताना मला मान खाली घालावीशी वाटायची.

मोसम संपल्यावर त्यांनी अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा केला नाही. साठी उलटली होतीच. जाण्याआधी सगळ्या पंचांचे शर्ट लाँड्रीतून घेऊन जायला सांगितलं. मी गेलो तेव्हा टेबलावर नियमांचं पुस्तक होतं. म्हटलं, हे नेत नाही? म्हणाले, "खाडीवर कोण खेळतंय ओ?"

त्यानंतर दोन वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, सराव चालू असताना कुंपणाशी एक उंच मुलगा येऊन उभा राहिला. एका हातात काठी, एक पाय जरा ओढत. वडिलांची पुन्हा कुवेतला बदली झाली होती. मी जवळ गेलो. त्याने इंग्रजीत विचारलं, माझ्या बाजूला उभे असायचे ते अंकल कुठे आहेत? आई म्हणते, ते रोज यायचे.

"तुला त्या दिवसाचं काय आठवतं?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. सकाळी खाल्लेलं आठवत होतं, बसमधलं गाणं आठवत होतं. सामना अजिबात नाही. अंकल तेव्हा काही बोलले होते का, असं त्यानेच मला विचारलं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी कोकणात फोन लावला. भाईंचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, भाई, पोरगा चालतोय.



"काठी कुठल्या हातात धरतो?"

"उजव्या."

"म्हणजे डावा पाय," ते म्हणाले. "चढ चढतो का?"

"ते विचारलं नाही. भाई, त्याला काहीच आठवत नाही. तुम्ही बोललात तेही नाही."

"बरं झालं. त्याला नको आठवायला." मग त्यांनी विचारलं, "त्याचे वालिद काय म्हणाले?"

मी वडिलांना भेटलोही नव्हतो. मी म्हणालो, "सलाम सांगितलाय तुम्हाला."

"इंजिनिअर," भाई म्हणाले, "तुम्हाला झेंडा टाकता येतो. खोटं बोलता येत नाय." आणि हसले. ते हसणं मी पुष्कळ दिवसांनी ऐकलं.

रमजानच्या आधी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. झोपेतच गेले.

ईदच्या सुट्टीत एगैलाच्या मॉलसमोर मी गाडीत सामान ठेवत होतो. मागून कुणी हाक मारली. मुलाचे वडील. केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, मुलगा भेटला होता, छान वाटलं. ते मान हलवत राहिले. लक्ष नव्हतं.

"त्या भाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?" त्यांनी एकदम विचारलं. "मी तेव्हा त्यांना फार... त्यांनी नसतं सांगितलं तर मला कधी कळलंही नसतं. एवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं मी."

भाई गेल्याचं मी त्यांना सांगितलं.

त्यांनी ट्रॉलीचा दांडा धरला. लोक बाजूने जात होते, कुणीतरी हॉर्न वाजवला, आम्ही सरकलो नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "तरी द्या नंबर."

मी दिला. मला वाटलं, ते नुसता लिहून ठेवतील. त्यांनी तिथेच लावला. रिंग जात होती, मलाही ऐकू येत होती. मग पलीकडून एका बाईंचा आवाज आला, कोण बोलतंय, म्हणून.

"मी कुवेतहून बोलतोय," ते म्हणाले. "तुम्ही मला ओळखत नाही. माझा मुलगा..."

पलीकडून त्या बाई काहीतरी बोलल्या. फार नाही, एखादंच वाक्य असेल. मला शब्द कळले नाहीत. पण वडील ऐकता ऐकता तिथेच पार्किंगच्या कठड्यावर बसले आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून म्हणाले, "हो. हो, तोच. चालतो आता."