अर्धं धुतलेलं घर

कुणाच्याही घरी गेले तरी भाऊ कडी वाजवत नसत. ओट्यावरच्या माठात बोट बुडवायचं, दाराच्या चौकटीवर एक ओली रेघ ओढायची आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघत उभं राहायचं. रेघ तशीच चमकत राहिली तर ठीक. ती बघता बघता लाकडात नाहीशी झाली की आत आवाज यायचा, "वहिनी, तुमचं दार प्यासं आहे हो." तव्यावरची पोळी तशीच टाकून आपण बाहेर यावं, तर हे गृहस्थ आपल्याकडे पाठ करून दाराचीच विचारपूस करत असायचे.

त्यांचं नाव सांगत नाही. अख्खा शनवारा मोहल्ला त्यांना भाऊ म्हणायचा, त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत "भाऊंना जेवायला बोलवा" म्हणायची, तेव्हा आपल्यालाही भाऊ पुरे. उंच, सडपातळ, आवाज मात्र दोन गल्ल्या पलीकडे जाईल असा. हातांना जवसाच्या तेलाचा वास कायमचा बसलेला. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, जो आला की घरातली माणसं आधी वैतागतात आणि मग चहा टाकतात.

बुऱ्हाणपुरात तेव्हा घरांचे दर्शनी भाग बहुतेक लाकडी. सागवानी दारं, वर सज्जा, खाली फळ्या मारलेली भिंत. वर्षभराची धूळ, चुलीचा धूर, होळीचा रंग, सगळं त्यावर बसायचं. वैशाखात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ते धुऊन त्याला तेल पाजायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ऊन कडक असल्यामुळे तेल आत मुरतं, आणि पावसाच्या आधी लाकूड तयार होतं. शिवाय आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यांनी येऊन काळंकुट्ट दार बघावं, हे कुठल्या आईला रुचेल?

भाऊंचं काम तेच. रिठ्याचं कढत पाणी, काथ्याचा बोळा, मग दोन दिवस वारा, आणि मग कोमट तेलात थोडा गेरू, थोडी काजळी कालवून हात मारायचा. "माणसाला आधी तेल, मग पाणी. लाकडाला आधी पाणी, मग तेल," हे ते दर घराला नव्याने सांगायचे, जणू काल रात्रीच सुचलं आहे. आम्ही बायका मागून तोंडातल्या तोंडात तेच म्हणायचो. त्यांना ते कळायचं, पण थांबतील तर शप्पथ.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. सगळे आत बसले, पोहे आले, मुलगी आली, आणि भाऊ बाहेरच. त्यांना हुडकायला गेलेल्या थोरल्या भावाला म्हणाले, "दार चारी कोपऱ्यांतून पुसलेलं आहे. डोळे मिटून हो म्हणा." मुलगी त्यांनी लग्नातच पहिल्यांदा नीट पाहिली. तो संसार उत्तम झाला, आणि त्याचं श्रेय भाऊंनी शेवटपर्यंत त्या दाराला दिलं, आपल्या पुतण्याला नाही.

मी लग्न होऊन बुऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्यात आले ती राज्यांच्या जोडाजोडीची वर्षं. नागपूर आमच्यापासून सुटलं, राजधानी भोपाळला गेली. कचेरीतले कागद हिंदीत येऊ लागले. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पुरुषमंडळी जमायची, आणि कोण कुठल्या राज्यात जायला हवं होतं यावर घसे कोरडे करायची. अशाच एका वैशाखात भाऊ पाठीवर पितळी पंप बांधून हजर झाले. फोपनारच्या कुणा बागायतदाराने कपाशीवर औषध मारायला तो नवा आणला होता. कपाशी अजून पेरायची होती, म्हणून भाऊंनी मागून आणला. "आता घासणं बंद," म्हणाले, "हवा भरायची आणि सोडायची धार." आणि सोडली. सज्ज्यावरची वर्षाची धूळ आणि दोन कबुतरं एकदम उडाली, आणि सगळं पाणी भोपाळ-नागपूरवाल्यांच्या पांढऱ्या धोतरांवर आलं. त्या दिवशी राज्याचा प्रश्न लवकर मिटला. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि माझ्या सासूबाईही हसत होत्या. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्या हसत नसत त्याला कारण होतं. माझी नणंद कमल. तिला रावेरकडे दिलेली. आमच्याकडे मुलगी सासरी निघते तेव्हा ओल्या हळदी-कुंकवात दोन्ही हात बुडवून माहेरच्या दाराशेजारी उमटवून जाते. कमलचे हात आमच्या दाराजवळच्या फळीवर होते. लहानसर पंजे, उजव्या हाताची करंगळी जरा वाकडी. रोज सकाळी सडा घातला की सासूबाई त्या पंज्यावर आपला पंजा ठेवायच्या आणि मग चुलीकडे वळायच्या. कारण हात होते, पण मुलगी लग्नानंतर एकदाही आली नव्हती.

झालं होतं असं, की लग्नात विहीणबाईंच्या थोरल्या भावाला पंगतीत दुसऱ्या रांगेत बसवलं गेलं. एवढंच. पहिल्या आखाजीला आमचे हे मुराळी होऊन बहिणीला आणायला गेले, तर तिकडून उत्तर आलं की पापड-कुरडयांचे दिवस आहेत, सुनेला सवड नाही. रिकाम्या हाताने परत आलेला मुलगा पाहून मामंजींनी जाहीर केलं, "या दारातला माणूस आता त्यांची पायरी चढणार नाही." तिकडची मंडळी म्हणायची, मुराळी आल्याशिवाय पोरीला काय वाऱ्यावर सोडायची? दोघांचंही म्हणणं रीतीला धरून. दोन आखाज्या अशाच गेल्या, आणि तिसरी आली होती.

तर तो पंप. सासूबाईंनी भाऊंना बजावलं की ही फळी सोडून बाकी सगळं धुवा. मागच्या दोन्ही वर्षी असंच बजावलं होतं, आणि दोन्ही वेळा भाऊंनी तिच्या कडेकडेने हाताने जपून घासलं होतं. या वेळी धारेचा भरवसा नाही म्हणून भाऊंनी स्वतः एक जाड गोणपाट आणून फळीवर घट्ट बांधलं. वर दोनदा हात फिरवून पाहिलं. मग सगळा दर्शनी भाग धुतला, असा की सागवान मधासारखं दिसायला लागलं. शेवटी गोणपाट सोडलं. ते पाण्याने चिंब झालं होतं, आणि फळीवरचा सगळा रंग त्याला लागला होता. जितका वेळ बांधून ठेवलं, तितका वेळ ते रंग ओढत राहिलं. फळी कोरी.

भाऊ गोणपाट हातात घेऊन उभे. सासूबाई पुढे आल्या, फळीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "असू द्या भाऊ. रंगच तो. कधीतरी जायचाच." शिव्या दिल्या असत्या तर माणूस निभावून गेला असता. भाऊंनी पंप पाठीला लावला आणि चहा न घेता निघून गेले. हे आजवर कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सडा घातला, सवयीने फळीकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला. मी आत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

इकडे धुतलेलं लाकूड वाळलं, पण तेलाला माणूस येईना. मामंजींची कुरकूर सुरू झाली, की वैशाखाच्या उन्हात उघडं लाकूड तडकेल, आणि हा भला माणूस तोंड लपवून बसला. शनवाऱ्यात निरोप धाडला तर कळलं, भाऊ पहाटेच्या पॅसेंजरने पंप घेऊन कुठेतरी गेलेत.

ते गेले होते रावेरला. पुढचं मी कमलच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मीच तिथे उभी होते असं वाटतं. भाऊ तिच्या सासरच्या दारात गेले, माठात बोट बुडवून चौकटीवर रेघ ओढली, आणि विहीणबाईंना म्हणाले, बुऱ्हाणपूरहून आलोय, तुमचं दार धुऊन द्यायला. विहीणबाई खूश. व्याही नमले म्हणायचे. त्यांनी पाण्याचे हंडे पुढे करवले. भाऊंनी हवा भरली आणि उंबऱ्याच्या उजवीकडचं सगळं घर धुतलं. वरची खिडकी धुतली, तुळईची टोकं धुतली. बरोबर मध्यावर आले आणि पंप खाली ठेवून हातपाय धुवायला लागले.

अर्धं घर मधासारखं आणि अर्धं तव्यासारखं. गल्ली जमा झाली. पोरं हसायला लागली, कुणीतरी म्हणालं, घराने अर्धीच अंघोळ केली. विहीणबाईंनी विचारलं, हे बाकीचं?

"बाकीचं, मुलगी माहेर करून आली की," भाऊ म्हणाले. "आणि तेलही बुऱ्हाणपुरातच राहिलंय. लवकर ठरवा, धुतलेलं लाकूड फार दिवस थांबत नाही. मी मुराळी आहे."

विहीणबाई तापल्या. तुम्ही तिचे कोण लागता, म्हणाल्या. इथपर्यंत कमल आम्हाला हसवत असे, भाऊंचा आवाज काढून, सासूचा आवाज काढून. पुढचं सांगताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. भाऊ म्हणाले, "कुणी नाही, बाई. तिच्या आईकडे पोरीचे हात होते दारावर, तेवढेच होते. ते माझ्या हातून पुसले गेले. आता ही खरी पोर नेल्याशिवाय मला त्या दारात उभं राहता येत नाही."

विहीणबाई पायरीवर बसल्या. त्यांनीही कुणाच्या तरी दारावर असेच हात ठेवून या घरी पाऊल टाकलं होतं. मग आत वळून म्हणाल्या, "कमल, लुगडी बांध. आणि तुझ्या आईसाठी त्या कुरडयांचा डबा घे."

सिंधीपुऱ्यात टांगा थांबला तेव्हा मामंजी ओट्यावरच होते. लेकीला पाहून त्यांचा चेहरा फुलला, पण मान राखायला म्हणाले, "कुणाला विचारून गेलात तिकडे? या दारातला माणूस जाणार नाही, असं मी म्हटलं होतं."

"तुमच्या दारातला कुठे गेला? मी तर शनवाऱ्याचा," भाऊ म्हणाले, आणि टांग्यातून पंप उतरवायला लागले. मामंजी डोळे पुसत होते.

सासूबाईंनी लेकीचे दोन्ही हात धरले होते आणि ते उलटेसुलटे करून पाहत होत्या. करंगळी तशीच वाकडी होती. त्यांनी ती दाबून पाहिली आणि हसल्या, अगदी आवाज करून हसल्या. घरात नुसती धांदल उडाली. मी मांडे करायला बसले, हे आंबे आणायला पळाले, आणि भाऊंनी लगेच तेल तापवायला घेतलं. जवसाचा वास गल्लीभर झाला. सगळं घर तेलाने न्हालं, फक्त ती एक फळी त्यांनी कोरडी ठेवली. मग मला हळूच म्हणाले, वहिनी, हळदी-कुंकू कालवून आणा. तेलावर रंग धरत नाही म्हणून ठेवलीय. मी वाटी आणली. कमल पुढे झाली.

सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "तिथेही तेल लावा, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी येती-जाती झाली, आता तिच्या छाप्याचं काय काम?"

भाऊंनी त्या फळीला तेल लावलं. इतका वेळ लावत होते की आम्हाला वाटलं, पलीकडच्या बाजूने निघेल. वळले तेव्हा सगळं तोंड काळं झालेलं. काजळीचा हात डोळ्याला लागला, म्हणाले. आम्ही बरं म्हटलं.

आखाजी झाल्यावर ते कमलला पोचवायला गेले आणि रावेरचं उरलेलं अर्धं घर धुऊन, तेल पाजून आले. पुढे दरवर्षी मुराळी तेच. विहीणबाई आधी त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या आणि मग त्यांच्यासाठी खास शेव काढून ठेवायच्या. तिथलं काम संपवताना भाऊ एक छोटी खिडकी मुद्दाम कोरडी सोडत. पुढच्या सालचा विसार, म्हणत.

मग बऱ्याच वर्षांनी एका माघात भाऊ गेले. चार दिवस तापाने पडले आणि गेले, फार कुणाला त्रास दिला नाही. मामंजी त्याआधीच गेलेले. आखाजी जवळ आली तेव्हा आमच्या यांचे गुडघे धरलेले, आणि कमलला आणायला जायचं कुणी, हे ठरेना. भाऊंच्या जागी दुसऱ्याचं नाव कुणाच्या जिभेवर येत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी दारात टांगा थांबला. कमल एकटीच उतरली. स्वतःची ट्रंक स्वतः उचलून आत आली, पाय धुतले, आईला वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी सवयीने दोन पाट मांडले होते. आमच्याकडे पहिलं पान मुराळ्याला वाढायचं, तो उन्हातून पोरीला घेऊन आलेला असतो, आणि मग पोरीला. त्या मांडा हातात घेऊन त्या रिकाम्या पाटापाशी थांबल्या.

कमल आपल्या पाटावरून उठली आणि त्या पाटावर जाऊन बसली.

"वाढ आई," ती म्हणाली. "यंदा मला मीच घेऊन आलेय."

सासूबाईंनी तिला पहिलं पान वाढलं.