खाऱ्या बांगड्यांच्या पिशवीतली जव्हारची माती

घर बांधायला निघालेल्या बंधुभगिनींनो, आपलं दुखणं एकच आहे. फरशीच्या रंगावर गावभर सल्ले मिळतात. पण पायाची माती सळईला किती खाईल, हे कुणी सांगत नाही!

याच विषयावर मी नाशिकच्या सभांत टेबलं बडवली आहेत. म्हणून जव्हारच्या मामेबहिणीचा, सुमनचा, फोन आला. "दादा, जुन्या घराच्या खांबांची सळई गंजून बाहेर आलीय. नव्याचे खड्डे खणलेत. नुसता बोलू नको, येऊन बघ."

त्र्यंबकमार्गे निघालो. मोखाड्याला थांबा, भजी गरम असतानाच खा, पुढे वळणांवर पोट सांभाळा. जव्हारच्या बाजारात खारे बांगडे घेतले. ते सुमनच्या तव्यावर गेले, नाचणीच्या भाकरीबरोबर संपले. रिकामी पिशवी माझ्या खिशात राहिली.

दुपारी खड्ड्यात उतरलो आणि भाषण सुरू केलं. ओल, आम्लता, क्षार! खाऱ्या ओल्या मातीत सळई टिकत नाही! काठावरच्या मजूरबाईने पाटी टेकवली. "भाऊ, भाषण झाला का? मंग वर या, आमचा काम पडलाय."

ठेकेदाराला घाई होती. पावसाआधी पाया भरला नाही, तर सुमनला आणखी एक पावसाळा त्या फुटक्या खांबांखाली काढावा लागणार होता. तरी मी खड्ड्याच्या तळाची माती खिशातल्या पिशवीत भरली आणि गरजलो, "अहवाल येईपर्यंत एक पाटी ओतायची नाही!"

माती नाशिकच्या प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला. क्लोराइड, म्हणजे मिठाचा क्षार, भयंकर! मी विजयी आवाजात सुमनला फोन केला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे इथे घर होणारच नाही का रे?"

संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन. "सर, माती कशातून आणलीत? वास बांगड्याचा येतोय."

पुन्हा त्र्यंबक, पुन्हा मोखाडा. भज्यांसाठी थांबलो नाही. या वेळी कोऱ्या डब्यांत, वेगवेगळ्या खड्ड्यांच्या तळाची माती. क्षार अगदी कमी निघाले. मॅडम म्हणाल्या, "माती सौम्य आहे. जुन्या खांबांत सळईवर काँक्रीट किती होतं, ते बघा." बघितलं, तर बोटभरही नव्हतं. ते खांब न बघताच मी मातीला शिव्या दिल्या होत्या.

पहिल्या सरीआधी पाया भरला, सळईभोवती नीट काँक्रीट ठेवून. सुमन म्हणाली, "घर झालं की जेवायला ये. बांगडे मी आणीन, तू पिशवी आणू नकोस."

घरी परतलो, तरी खिशाचा वास गेलेला नाही. म्हणून आज टेबल न बडवता सांगतो: सळई खड्ड्यात उतरण्याआधी पायाच्या तळाची माती कोऱ्या, झाकणाच्या डब्यात भरा आणि तपासायला पाठवा.