कबुली लिहून दे

"हा शब्द वाच," मॅडम म्हणाल्या.

मी वाचला. "कॉन्सायन्स."

अख्खा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझा निबंध दोन बोटांत धरून वर केला. "कॉन्शन्स म्हणतात त्याला. सदसद्विवेक. स्वतः लिहिलेला शब्द स्वतःला वाचता येत नाही? अगं, हे तुझं नाहीये. एआयकडून लिहून घेतलंस ना? खरं सांग."

ठाण्यातलं कॉलेज. इंग्रजीचं एम.ए. मी डोंबिवलीच्या चाळीतून यायचे. मराठी शाळेतून आलेली, सवलतीच्या यादीतली. वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या सेमिस्टरला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. निबंधाचा विषय, नीती आणि फसवणूक. कादंबरीत घरात राबणारा एक गुलाम आहे. मालकासमोर सतत हसतो, येड्यासारखा वागतो, खोटं बोलतो. आतून पळायची तयारी चाललेली. मॅडमनी शिकवलं की तो लबाड आहे, पण प्रेमळ आहे. मालक बिचारा फसला.

बिचारा! मी तो शब्द वहीत उतरवला आणि खोडला.

मला तो गुलाम ओळखीचा वाटला. माझी आई नौपाड्यात पोळ्या करायला जाते. कुठलं घर ते सांगणार नाही. तिथे तिने आडनाव वेगळंच सांगितलंय. आम्ही बौद्ध. आधीच्या घरी खरं सांगितलेलं, तर दुसऱ्या दिवशी "उद्यापासून नका येऊ" म्हणाले. आता चतुर्थीला या घरच्या बाई विचारतात, "तुमचाही उपास असेल ना?" आई हो म्हणते. आणि त्यांच्या गॅसपुढे उपाशी उभी राहते.

हे मी निबंधात लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की खरं बोलल्यावर चाबूक बसत असेल, तर त्याला खोटं बोलायला मालकानेच शिकवलं. मग फसवलं कोणी? तीन आठवडे डिक्शनरी घेऊन बसलेले. कॉन्शन्स हा शब्द मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. ना घरी, ना शाळेत. फक्त वाचलेला.

"माझंच आहे, मॅडम."

"तुमच्याकडच्या मुलांना असं सुचत नाही, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण इतक्या लवकर नाही सुचत. नक्कल केली अशी कबुली लिहून दे. पास करते. विषय संपला."

तुमच्याकडच्या. डोकं तापलं. तरी मी खाली बसले. त्या बसण्याचा राग मला अजून येतो. मॅडमवरच्या रागाहून जास्त.

घरी आईला सांगितलं.

"दे लिहून," ती म्हणाली. "एका कागदानं काय होतंय? मी नाय रोज खोटं बोलत?"

"तू पोटासाठी बोलतेस, आई. मी कशासाठी लिहू? त्यांना बरं वाटावं म्हणून?"

आईने परात पुढे ओढली. मग म्हणाली, "मग नको लिहू. पण नंतर घरी येऊन रडायचं नाय."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले. मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "कादंबरीतलं कुठलंही पान उघडा. मला विचारा. आत्ता, सगळ्यांसमोर."

"आवाज खाली."

"माझा आवाज एवढाच आहे."

"शून्य देईन."

"द्या. कारण लेखी द्या."

कोणी मान वर केली नाही. एक सर चहात बिस्किट बुडवत राहिले.

शून्य मिळालं. कारण मिळालं नाही. प्राचार्यांना अर्ज केला. त्यांनी "हा शिक्षकांचा अधिकार" एवढंच लिहून परत पाठवला. त्या पेपरात मी नापास आहे.

आईचं खोटं मी कोणापुढे उघडं पाडणार नाही. ते त्या घरांनी तिच्याकडून वदवून घेतलंय. पण मी चोर आहे हे माझ्याच अक्षरात मी लिहून देणार नाही. शंभरदा नापास केलं तरी नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. त्याच मॅडमपुढे. निबंध घरून लिहून आणणार नाही. वर्गात, त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताने लिहीन. हवं तर शेजारी उभ्या राहा. शब्द मी चुकीचाच उच्चारला तरी तो माझाच असेल. मग द्या शून्य. आणि खाली तुमची सही करा.