खाड्याची ओळ

माझं अंदाजपत्रक म्हणजे चोख काम, असं मी विभागात सगळ्यांना ऐकवून बसले होते. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या कामगारांचे कान किती गेलेत, हे मोजायचा माझा संशोधन प्रकल्प. अनुदान हवं तर खर्चाच्या प्रत्येक ओळीचं समर्थन द्यायचं होतं. कान तपासायचं मशीन, चाकणशेजारच्या निघोज्याहून कामगारांना कॉलेजात आणायला गाडी, अगदी चहा-पोहेसुद्धा लिहिले. काढा चूक, म्हटलं.

काढली पप्पांनी. तेही प्रेस शॉपमधूनच रिटायर झालेले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात सगळे भांडल्यासारखे बोलतात. कागदावर बोट फिरवत त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "यात खाडा कुठं हाय?"

"कसला खाडा?"

"अगं, माणूस तुझ्याकडं कान दाखवायला आला, की त्या दिवशी कामाला न्हाई. रोज बुडाला की! तो कोण भरणार?"

शिफ्ट सुटल्यावर येतील, मी म्हटलं. पण मग मलाच आठवलं, आवाजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाची तपासणी खरी येत नाही, आधी रात्रभर शांतता लागते. मग गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला? पप्पा हसले. "कंत्राटी माणसाला कुठला गुरुवार? ओव्हरटाइम असतो. तुझ्याकडं नुसते पर्मनंट येतील."

आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मशीनवर उभं करतात कोणाला? कंत्राटीलाच! म्हणजे नेमके तेच माझ्या अभ्यासातून गायब. कामगाराच्या घरात वाढून मी हे विसरले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, खाडा हा काय शब्द आहे? किरकोळ खर्चात ढकला."

"सर, किरकोळवर पहिली कात्री लागते. ओळ वेगळीच राहील."

समर्थनात लिहिलं: खाडा भरून दिला नाही तर कंत्राटी कामगार येणार नाही, आणि तो आला नाही तर हा अभ्यास खोटा ठरेल. बस्स.

अनुदान समितीतल्या एकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे वगळलं तर चालेल?"

"चालेल की. मग मशीनही वगळा. त्याच्यापुढं बसवू कोणाला?"

यादीतला माझा लॅपटॉप कात्रीत उडाला, खाडा राहिला. मला काही वाईट वाटलं नाही.

मशीन आल्यावर ट्रायलला पहिले पप्पा. "माझा खाडा भरशील ना?" म्हणून त्यांनी चेष्टा केली. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, की नोकरीत असताना कान कधी दाखवले का नाहीत?

"कंत्राटी होतो तेव्हा खाडा परवडत नव्हता. पर्मनंट झालो तोवर सवय झाली."

मी त्यांना तपासणीच्या बंद खोलीत बसवून हेडफोन लावले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं," ओरडून सांगितलं, काचेच्या अलीकडे आले आणि एकेक बारीक आवाज वाढवत नेला. पप्पा ताठ बसलेले, अंगठा बटणावर, शिफ्टला उभं राहावं तसे इमानदारीत. मी आवाज आणखी वाढवला.

बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"अगं, चालू कर की," ते म्हणाले. "कवाचा बसलोय."